गाळावर आधी कोण चालले

मी, कोंडाबाई सावळेराम शेळकंदे, वय ७१, राहणार घाटघरच्या खालची वाडी, ता. जुन्नर, डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहिते. चौथी शिकले आहे, अक्षराला हसू नये.

१. राहते घर मुलगा सुभाष यास, पण कलम ४ पाळले तरच. भाताचे खाचर मुलगी मंगल हिला. तिने कधी मागितले नाही, म्हणूनच. जाऊबाई जयाने नेलेला तांब्याचा हंडा तिच्याकडेच राहू द्यावा. तो माझा आहे हे तिला चांगले ठाऊक आहे.

२. धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मागे तुंबलेल्या पाण्याला, नदी मिळते, तिथे पाणी हटले की आम्ही गाळात हरभरा पेरतो. ती जमीन सरकारची, आणि एका जागी राहतही नाही. धरण झाले तेव्हा नदीचे तोंड जांभळीच्या खडकापाशी होते. वर फार्महाऊससाठी पोकलेनने डोंगर खरवडले, माती उतरली, गाळ अर्धा मैल पुढे सरकला. मग ट्रॅक्टरवाल्यांनी गाळ उपसून खड्डे केले. पावसाळ्यात नदी ते पातळ गाळाने भरते. वरून कडक पापुद्रा, आत लोणी. नदीचा फाटाही दरसाल जागा बदलतो.

३. आमच्यात गाळावर पहिल्या दिवशी बाईमाणूस आधी चालते, कारण ती अंगाने हलकी, रुतली तर ओढून काढता येते. तिने जागोजागी काठी खुपसून बघायची. अकरा वर्षांपूर्वी काठी माझ्या हातात होती, पण मी गेल्या सालच्या वाटेने बिनधास्त चालत गेले. गाळाने मला पेलले. मी हाक मारली, "अवं, या, कोरडं हाय!" हे, सुभाषचे वडील, बियाण्याचे पोते खांद्यावर घेऊन आले आणि गाळात गेले ते गेलेच. गाव म्हणाले, प्यायले असतील. मी गप्प राहिले. ते प्यायले नव्हते. मी बोलावले म्हणून आले.

४. सुभाष नाताळात त्याच गाळावर पर्यटकांसाठी तंबू ठोकणार आहे. म्हणतो, "आये, तू रोज जातीस की! तुला न्हाई गिळलं, मंग पावण्यांना कसं गिळंल?" माझे वजन छत्तीस किलो आहे. काल तिथे काठी खुपसली, ती सबंध आत गेली. तंबू ठोकले तर घर मंगलचे.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. एवढा उशीर परवडणारा नाही. साक्षीदारांनी हे आजच सुभाषला समोर बसवून वाचावे. कलम ३ वाचताना मी तिथेच बसेन.

साक्षीदार : गेणभाऊ लांडे, सरूबाई साबळे
स्थळ : जुन्नर
दिनांक : १२ डिसेंबर २०२५
सही : कोंडाबाई सावळेराम शेळकंदे