पर्चीवरची वेळ

३ जून, मंगळवार
आमच्या अभ्यासाचे प्रमुख पंकजसर आज खूश. तीनशे बाळंतपणांचे आकडे जुळले — बाई आदिवासी असो की शहरातली, आल्यापासून डॉक्टर बघेपर्यंत सारखीच वीस-पंचवीस मिनिटं. "भेदभाव दिसतच नाही," म्हणाले. म्हणजे वॉर्डात बारेला आदिवासींची बारेली बोलणारी बाई नेमायची गरज नाही, असं हॉस्पिटलच्या ट्रस्टला लिहून जाणार. टाइप मीच करतेय.

५ जून
वेळच खोटी आहे. पर्चीच्या, म्हणजे केसपेपरच्या, खिडकीवर दोन वर्षं काढलीत मी, मला ठाऊक नसेल तर कोणाला? बारेला बाई आली, बोली कळली नाही, की "बैठो उधर, कोई समझनेवाला आने दो." समजणारा मिळाला की मग पर्ची. आणि रजिस्टरात आल्याची वेळ म्हणजे पर्चीची वेळ. बाकावरचे तास कुठेच नाहीत.

सांगायला जावं तर विचारतील, तू काय करत होतीस? खिडकीचं काम चोख केलं म्हणून तर सरांनी या अभ्यासात घेतलं. बरी अडकले.

६ जून
अहवाल तसाच टाइप केला.

९ जून
धूलकोटकडच्या आशा कार्यकर्त्या मालूबाई आल्या होत्या. बायकांना घेऊन त्याच येतात, बोलीही त्याच समजावतात, फुकट. गेल्या मार्चमध्ये रुमली आली तेव्हा मात्र त्यांच्या घरी लग्न होतं. रुमलीचं मूल पोटातच गेलं. "ताई, सकाळीच पोचली होती ती. कागद म्हणतो दुपारी. तुम्ही कागदाचंच मानणार का?" मी चहा मागवला. लाज वाटते स्वतःची.

११ जून
गेटवरचे चुडामणकाका आत येणारी प्रत्येक गाडी वहीत लिहितात. पार्किंगच्या भांडणांपायी सुरू केलेली वही. मार्चची मागितली. "क्या करोगी बेटा, रद्दीत चालली होती ती."

रुमली आली त्या दिवशी धूलकोटची जीप, १०.१०. रुमलीची पर्ची, १.४०. साडेतीन तास! आमच्या तक्त्यात वीस मिनिटं.

वही पिशवीत घालून सिंधीपुऱ्यात घरी आणली. आईनं विचारलं काय आहे. काही नाही म्हटलं. परवा अहवालावर सरांची बैठक, मालूबाईही येणार आहेत.

१३ जून
वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "ही १.४० ची नोंद कोणी केली?" मालूबाई समोरच बसल्या होत्या.

मी म्हटलं, "मी केली. अक्षर माझं आहे. आणि बैठो उधर, तेही मीच म्हटलं होतं तिला."