चेहऱ्याची उजवी बाजू

३ मार्च
डॉक्टरांनी लिहायला लावलं म्हणून लिहिते. एरवी मला असले शौक नाहीत. उकाडा, श्रम किंवा मनाची घालमेल झाली की माझा चेहरा फक्त उजव्या बाजूने लाल होतो, घामाने निथळतो. डावी बाजू पांढरी, कोरडी ठणठणीत. मधे सरळ रेघ. नसांचा दुर्मिळ विकार, धोका नाही. दर वेळचं कारण नोंदवायचं आहे. हे म्हणाले, निम्मीच लाजतेस वाटतं. लक्ष दिलं नाही. लॉन्ड्रीत मी हिशेब बघते, गर्दी असली की इस्त्रीही करते; तिथे कोणाला सांगितलेलं नाही.

५ मार्च
गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर इस्त्री ठेवून फोन घेतला. पाठीवर तपकिरी त्रिकोण. कोट मुंगीच्या टेबलावर ठेवला, ते जवळ होतं म्हणून. (मुंगी म्हणजे आमची इस्त्रीवाली. हात थांबत नाही, म्हणून मुंगी.)
गाल लाल. कारण: वाफ.

६ मार्च
मालकांनी विचारलं, कोट कोणी जाळला? योगायोगाने त्यांच्याकडे माझा डावा गाल होता. मुंगी माझ्या उजवीकडे उभी. म्हणाली, मी नाही. मालक म्हणाले, मग काय बाईंनी जाळला? बघ त्यांचा चेहरा, कसा शांत! मुंगी बघतच राहिली.
उद्या सांगणार. पक्कं.

७ मार्च
मालकांना ॲसिडिटी. अशा माणसाला त्रास देणं बरं नव्हे.

१० मार्च
डॉक्टर म्हणाले, मनस्ताप टाळा. कबुली म्हणजे मनस्तापच. सबब वैद्यकीय कारणास्तव गुरुवारपर्यंत स्थगित. दरम्यान मुंगीला चहा मागवला. ती म्हणाली, नको बाई. दोन्ही कप मीच प्यायले.
गाल लाल. कारण: चहा.

१२ मार्च
वाक्य पाठ केलं. आरशासमोर उत्तम जमलं. मालकांपुढे तोंडातून निघालं की इस्त्र्या जुन्या झाल्यात. ते म्हणाले, इस्त्री नाही, माणूसच बदलतो. शनिवारी तिचा हिशेब करा. मी ठणकावून सांगितलं की तिला शिफारसपत्र मी स्वतः लिहून देणार! इतकं कोण करतं?

१४ मार्च, शनिवार
पंखा चालू. वाफ नाही, चहा नाही. गाल लाल.
मालक माझ्या डावीकडे बसले होते. मुंगीने जमा केलं: एप्रन एक, कपाटाची किल्ली एक, पाणी मारायची बाटली एक. माझं शिफारसपत्र, परत. मालक म्हणाले, हिशेबावर सही करा बाई. केली.
जाताना ती उजवीकडून वाकून हळूच म्हणाली, पुसा बाई, सहीवर थेंब पडतोय.
शिवाय: रुमाल एक. तिचा. धुतलेला, कडक इस्त्रीचा. मिळाला.