दोघं एकाच गाडीवर असल्यामुळे

मी, प्रितम रोहिदास ओव्हाळ, वय ४३, राहणार दिघी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दमदाटीशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मला कसलाही आजार नाही, मी घाबरलो आहे. उद्या सोमवार, पहिली शिफ्ट, आणि गाडी अजून तशीच आहे.

कलम १. माझ्या पश्चात दिघीची खोली, पीएफ आणि बँकेत जे काही निघेल ते सर्व माझी पत्नी आम्रपाली हिला मिळावं. एखाद्याचं मृत्युपत्र इथंच संपलं असतं. पण आम्ही दोघं चाकणला एकाच कंपनीत आहोत आणि एकाच मोटरसायकलवर जातो. ती चालवते, मी मागे बसतो. कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये डाव्या हाताची बोटं गेल्यापासून मला क्लच धरता येत नाही. म्हणजे वेळ आलीच तर दोघांवर एकदमच येणार. म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

कलम २. तसं घडलं तर सर्व काही आमची मुलगी पिंकी हिचं. ती सज्ञान होईपर्यंत तिचा सांभाळ माझी थोरली बहीण कुसुमताई, राहणार मारुंजी, हिने करावा. ताई, पिंकीला झोपताना दिवा लागतो. नववीत गेली तरी लागतो. चिडवू नकोस.

कलम ३. माझा भाऊ जयसिंग दर लग्नात चारचौघांत मला ‘बायकोच्या मागं बसणारा’ म्हणतो आणि स्वतःच खो खो हसतो. त्याला माझं हेल्मेट द्यावं. पिंकीचा ताबा मात्र कुठल्याही परिस्थितीत देऊ नये.

कलम ४. मोटरसायकल. गेल्या रविवारी आम्रपालीने मोबाइलवर बघून कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आणि जुना टूथब्रश घेऊन दारातच घासला. काम चोख केलं, खोटं कशाला बोलू? पण जोडल्यावर चोक ओढलेला असतानाच तिने रेसचा स्क्रू, म्हणजे रेस सोडल्यावरही इंजिन चालू ठेवणारा, जुळवला. चोक ओढला की इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, त्यामुळे गाडी मस्त चालू राहिली. चोक बंद केल्यावर मात्र रेस सोडली की गाडी बंद. मी म्हटलं, सयाजीच्या गॅरेजला दाखवू. तर म्हणाली, “काही नको. मी केलंय ना? होईल सवय.” त्यापुढे बोलायची माझी टाप नाही.

दुसऱ्याच दिवशी चाकणच्या चौकात सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. मागे कंटेनर. त्याने हॉर्न दिला. मी मान वळवून पाहिलं, हात लांब केला असता तर बंपरला लागला असता. आम्रपाली किका मारत होती आणि ओरडत होती, “अहो, हलू नका! अजिबात हलू नका!” मी हललो नाही. पिंकीला शाळेतून कोण आणणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. तेव्हापासून रोज कुठल्या ना कुठल्या चौकात हेच चालू आहे.

उतरावं आणि टमटमने जावं, असं मनात आलं. आईशप्पथ आलं. पण मी उतरलो तर त्या कंटेनरपुढे ती एकटी उरते. म्हणून उद्याही बसणार आहे. आमच्या मागे ही गाडी कुणालाही देऊ नये, भंगारात घालावी.

वरील मजकूर मीच लिहिला, दोनदा वाचला, आणि सही करतो.

ठिकाण : दिघी
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५
(सही) प्रितम रोहिदास ओव्हाळ

साक्षीदार : (सही) सोपानराव गायकवाड, शेजारी.

साक्षीदार : (सही) सयाजी लांडगे, गॅरेजवाला. प्रितमभाऊ कागद घेऊन आले, गाडी नाही आणली. मी म्हटलं, आधी गाडी आणा, मग सही. तेव्हा ढकलत घेऊन आले. इंजिन गरम करून, चोक बंद करून, मग रेसचा स्क्रू जुळवला आहे. गाडी समोर चालू ठेवूनच सही करतोय. बंद पडलेली नाही.

गाडी कुठं नेली ते बघायला आले आणि हे वाचलं. ‘होईल सवय’ हे मी मलाच सांगत होते. आणि ‘हलू नका’ म्हणते ना, तेव्हा माझेच पाय लटपटत असतात हो. तुम्ही हललात तर मला गाडी तोलता येणार नाही.
— आम्रपाली