कपाटातील सहाव्या खाचेबद्दल

मी, लायल हार्लन स्टॅम्बॉ, वय सव्वीस, राहणार कोल रन, पेनसिल्व्हेनिया, लाकडाच्या गिरणीत फळ्यांची प्रत ठरवणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, डोके ठिकाणावर असताना, कोणीही न सांगता लिहीत आहे. येत्या चौदा तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. शंभरातले अठ्ठ्याण्णव वाचतात असे डॉक्टर म्हणाले. मी उरलेल्या दोघांचा विचार करून लिहितो आहे. शाळा दहावीत सुटली, तरी शंका आली तो प्रत्येक शब्द कोशात पाहिला आहे. आमच्या घरात तोंडी शब्दाचे काय होते ते मला माहीत आहे.

१. माझे चाकांवरचे घर व त्याखालची पाऊण एकर जमीन आई लोरेन हिला मिळावी. न्हाणीघराच्या खिडकीवर गळते. तिथे बादली ठेवू नये, पत्रा बदलावा.

२. पिकअप गाडी गिरणीचे मुकादम क्लेटन बर्कहार्ट यांना. हे कलम वाचून ते म्हणाले, "अरे पोरा, झडप बदलतायत, फाशी नाही देत." गाडी तरीही त्यांनाच.

३. माझ्या संग्रहात पाच पिस्तुले व रिव्हॉल्वरे आहेत. सर्व रिकामी, कुलपात. काडतुसे वेगळ्या कुलपात. कपाटाला खाचा मात्र मी सहा केल्या होत्या. सहावी आजोबांच्या रिव्हॉल्वरसाठी होती.

आजोबा हार्लन एकतीस वर्षे रेल्वेच्या यार्डात पहारेकरी होते. कमरेच्या चामडी म्यानाने त्यांच्या रिव्हॉल्वरच्या नळीच्या टोकाचा काळा मुलामा गेला होता आणि घोड्यापाशी त्यांच्या अंगठ्याने. खालचे पोलाद राखाडी दिसे. बाराव्या वर्षापासून ते साफ करण्याचे काम माझे. "तेल लाव, घासू नकोस," ते म्हणत. "घासायचं काम मी करून ठेवलंय."

त्यांच्या शेवटच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवणात टर्की कापता कापता ते म्हणाले, "माझं रिव्हॉल्वर लायलचं. ऐकलं का सगळ्यांनी?" सगळ्यांनी ऐकले. फेब्रुवारीत ते गेले. कागद काही नव्हता. भाऊ डॅरेल म्हणाला, "थोरला मी. आणि मला तर बुवा असलं काही ऐकू आलं नव्हतं." मी आईकडे पाहिले. ती सिंककडे वळून भांडी विसळू लागली. घर तिला देतो आहे ते हे विसरून नव्हे.

डॅरेल मोटारींचे बंपर चकचकीत करणाऱ्या कारखान्यात आहे. तिथल्या फिरत्या चाकावर त्याने ते रिव्हॉल्वर धरले, सगळे घासून काढले, वर नवा काळा मुलामा चढवून आणला. नळीवरचे कारखान्याचे नावही अर्धे पुसले गेले. "लायल्या, बघ! आरसा केलाय, आरसा! आजोबांनीसुद्धा ओळखलं नसतं!"

"नसतंच ओळखलं," मी म्हणालो. त्याला ती शाबासकी वाटली.

४. संग्रहात पुढचे कोणते घ्यावे हे मी दोन वर्षे ठरवत आहे. वर्ना केसलरबाईंच्या बंदुकांच्या दुकानात दर शनिवारी जातो. "दोन वर्षं झाली रे," त्या म्हणाल्या. "एवढ्यात लोक लग्न करून काडीमोडसुद्धा घेतात." ऑगस्टमध्ये त्यांनी गल्ल्याखालून एक रिव्हॉल्वर काढले. तीच बनावट, तेच साल, झीजही त्याच जागी. हातात घेताच माझा अंगठा घोड्यापाशी गेला.

"कोणाचं?"

"बँकेच्या रखवालदाराचं. पोरीनं आणून दिलं. बापाचं काही घरात नको म्हणाली."

मी ते परत ठेवले. ऑपरेशनपर्यंत ते कोणाला विकणार नाही, असा त्यांनी शब्द दिला आहे.

हे कळल्यावर डॅरेल घरी आला. "दुसऱ्याचं कशाला घेतोस? माझं घे. बदल्यात तुझं ते लांब नळीचं नेमबाजीचं दे. माझं नवंकोरं दिसतंय, फायदा तुझाच." माझे ते पिस्तूल संग्रहातले सर्वांत चांगले आहे. तो मला फसवत नव्हता. त्याला खरेच फायदा माझा वाटत होता. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे.

५. दोन्हींची तुलना मी नऊ कागदांवर केली. वर्नाबाईंकडचे प्रत्येक ओळीत सरस ठरले. फळी असती तर डॅरेलची मी दुय्यम प्रतीच्या ढिगात टाकली असती.

निर्णय असा: डॅरेलची अदलाबदल मला मान्य आहे. ती चौदा तारखेपूर्वी वर्नाबाईंच्या दुकानात, रीतसर नोंद करून व्हावी. माझ्यासाठी राखलेले दुसरे रिव्हॉल्वर त्यांनी विक्रीला मोकळे करावे. त्याच्यावरची झीज दुसऱ्याच्या बापाची आहे.

६. मी न वाचल्यास संग्रहातली बाकीची चार वर्नाबाईंनी विकावीत, किमतीआधी "हे कोण वापरायचं?" असे विचारील त्यालाच. येईल ते गावच्या अग्निशमन पथकाला द्यावे.

७. आजोबांचे रिव्हॉल्वर, मी वाचलो तर, रोज कमरेला लावीन. न वाचल्यास बर्कहार्ट यांनी योग्य वाटेल त्या माणसाला द्यावे, पण डॅरेलला नाही. त्याने मागितले तरी नाही, रडला तरी नाही. तो रडेल. मनाने तो वाईट नाही, म्हणून तर हे लिहून ठेवावे लागते.

वरील मजकूर मी दोनदा मोठ्याने वाचला. खाडाखोड नाही.

सही: लायल हार्लन स्टॅम्बॉ

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही:
वर्ना केसलर, दुकानदार
अर्ल हॉस्टेटर, करवतवाला, गिरणी

कोल रन, ६ नोव्हेंबर