पुतळ्याखालची पाटी

४ मार्च
मुख्याध्यापकांचा फोन. शाळेतल्या च्यांग कै-शेकच्या पुतळ्यावर पुन्हा कुणीतरी लाल रंग ओतला. ठेवायचा की हलवायचा, ते माजी विद्यार्थी संघाने ठरवावं म्हणाले. संघाचा अध्यक्ष मी. आमच्या कांगशान गावात शून्यातून स्क्रूची फॅक्टरी काढली ती माणसं सांभाळूनच. आठवड्यात मिटवतो. पुतळा राहील, खाली पाटी लावू. चांगलंही लिहू, वाईटही. मी पूर्ण तटस्थ. आमच्या वडिलांना कुळाची जमीन त्याच्याच कायद्याने मिळाली, फॅक्टरी तिच्यावरच उभी आहे. पण ते वेगळं.

७ मार्च, सकाळ
पाटीचा मसुदा तयार. नऊ ओळी. बायकोला वाचून दाखवला. बी-खिम बांबूचे कोंब सोलत होती. म्हणाली, छान आहे, भात आत्ता लावू की नंतर?
तिच्या वडिलांना च्यांगच्याच काळात पोलिसांनी नेलं, ते परत आलेच नाहीत. शिक्षक होते. पण ती तेव्हा रांगत होती. लग्नानंतर विषय एकदाही निघाला नाही, म्हणजे मनात काही नाही. मनमोकळी बाई आहे.

११ मार्च
संघातल्या थाओकडे गेलो. त्याचे वडील च्यांगच्या हरलेल्या फौजेबरोबर समुद्रापलीकडच्या शानतुंगहून इथे आलेले. मला वाटलं हा खूश होईल. मसुदा वाचून म्हणाला, लाय, तू स्क्रू कर. म्हणाला, पुढच्या वर्षी घरी नेतो असं त्या माणसाने माझ्या बापाला सांगितलं होतं. बाप बॅग भरून बसला, इथेच मेला.
मी म्हटलं, मग हलवू या की पुतळा.
तर चिडला. म्हणाला, हात लावून बघ. पुतळा गेला तर माझा बाप कुणाच्या शब्दावर बसला होता?
वाईटाच्या ओळी काढल्या. पाच उरल्या. प्रगती आहे.

१४ मार्च
मेहुणा आ-सेंग. पुतळा वितळवा, बिजागऱ्या करा म्हणाला. पाटीवर काय हवं विचारलं, तर म्हणे, नावं. नेलेल्यांची. नावांना जागा कुठली? चांगल्याच्या ओळी काढल्या. दोन उरल्या: ‘हा पुतळा येथे आहे. काळ बदलतो.’ कुणालाच आक्षेप नसावा.

१६ मार्च
प्लॅन बदलला. माणसं जेवताना मऊ होतात. बावीस तारखेला दुपारी हॉटेलात टेबल सांगितलं. थाओ, आ-सेंग, मुख्याध्यापक. पंचांगात दिवस उत्तम. शिवाय त्याच दिवशी आ-सेंगचा वाढदिवस येतो. बी-खिम दरवर्षी त्याच्याकडे जेवायला जाते, तळलेल्या शेवया आणि मासा डब्यात घेऊन येते. मासा झकास असतो. तिला तारीख सांगितली. म्हणाली, त्या दिवशी मला दादाकडे जायचंय. मी म्हटलं, अगं म्हणून तर. तिने माशाचा डबा घासायला घेतला. सरप्राइज आवडलेलं दिसतं.

२२ मार्च, संध्याकाळ
आ-सेंगला न्यायला स्वतः गेलो. हातात लाल डबा, आत दीर्घायुष्याचे पीचच्या आकाराचे गोड पाव. दार उघडंच होतं. देव्हाऱ्यापुढे टेबल मांडलेलं. मासा, शेवया, भात, दारूचा पेला. मागे सासऱ्यांचा फोटो. आमच्या धाकट्यापेक्षाही तरुण.
आ-सेंग म्हणाला, भाऊजी, माझा वाढदिवस थंडीत असतो. आजच्या तारखेला बाबांना नेलं. गेले कधी ते कुणी कळवलं नाही, म्हणून हाच दिवस धरतो.
डबा पाठीमागे धरला. इतकी वर्षं तो मासा खाल्ला.
बी-खिम दोन नाणी टाकत होती. वडिलांचं जेवण झालं का, ते तसंच विचारतात. एक छाप, एक काटा पडला की झालं. मग घरच्यांनी बसायचं. दोन्ही काटे पडले. पुन्हा टाकली. पुन्हा काटेच. हॉटेलातून थाओचा फोन, सूप गार होतंय, सुरू करू का? करा म्हटलं.
तिने नाणी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, तुम्ही विचारा. तुमचं सगळे ऐकतात ना.
विचारलं. बाबा, झालं का?
दोन्ही काटे.
मी पुन्हा उचलायला वाकलो, तर तिने हात धरला. पेला भरला. म्हणाली, राहू द्या. नेलं तेव्हा ताटावरून उठवलं होतं त्यांना. आज घाई नको.