मार्थाच्या दगडावरचं साल

लोणावळे, बुधवार, १४ नोव्हेंबर १९२८

मार्थाच्या कबरीवर आज दगड बसवला. वलवणचे गणूभाऊ पाथरवट तो घेऊन आले. नाव सुबक कोरलंय. खाली मृत्यूचं साल, १८५०.

हे कसलं साल, म्हणून विचारलं.

"तुमीच म्हनला न्हवं, चालू साल घाला? पंचांगात ह्येच हाय. चुकलं का, मास्तर?"

शके १८५०. त्यांचं काही चुकलं नाही. इसवी सन घाला, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. मला, जो दर रविवारी मुलांकडून आदाम, जलप्रलय, अब्राहाम, ख्रिस्त अशी वर्षं घोकून घेतो. उत्पत्तीपासून शेवटच्या दिवसापर्यंत जगाचा इतिहास म्हणजे देवाने ओढलेली एकच रेघ, प्रत्येक माणसाची तिच्यावर जागा ठरलेली, असं फळ्यावर काढून दाखवतो.

राग यायला हवा होता. आला नाही. रडूही नाही.

"दुसरा दगुड घडवून देतो," गणूभाऊ म्हणाले. राहू द्या म्हटलं.

१८५०. तेव्हा घाटात रेल्वेसुद्धा नव्हती, आणि मार्था माझ्याशी लग्न होऊन इथे आली ती रेल्वेनेच. दगडावरच्या सालाप्रमाणे ती गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. इतक्या जुन्या मरणाचं दुःख कोण करतं? म्हणून मला काही वाटत नाही का?

घरी येऊन चहा टाकला. गाळून दोन्ही कप भरले, तेव्हा लक्षात आलं.