पडद्याची मागची बाजू

प्रिय भिंगरी,

मी तुझ्या बापाची आई. ओळख आधीच सांगितलेली बरी, कारण डोक्यावरची टोपी घरभर शोधणारी पोरगी तू. आजी कुठे ठेवली होती ते तुला कसं आठवणार? तर आजी आहे तिथेच आहे. तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, दाराला बाहेरून कुलूप.

हे पत्र माझा गुडघा वाकवायला येणाऱ्या बाई लिहिताहेत. दुपारी त्यांना आत येता यावं म्हणून दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. तुझ्या बापाबद्दल मी वापरलेले दोन शब्द त्यांनी गाळलेत. अंदाजाने भर.

पण त्याच्यावर रागावू नकोस. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि राहतो बिनलिफ्टच्या इमारतीत. संध्याकाळी आला की आधी माझे हातपाय जागेवर आहेत का बघतो, मग चपला काढतो. ‘आई, तुला एकट्याने कसं उचलून नेऊ? परत पडलीस तर?’ म्हणतो. मी एकटीच जिना उतरायला निघेन याची त्याला धास्ती, म्हणून कुलूप राहतं. खिडकीतून आवार दिसतं, त्यापलीकडे गोदामाची भिंत. तिच्यावरचा डागन् डाग मला पाठ झालाय. एखादं मांजर गेलं तर मी त्याची संध्याकाळपर्यंत वाट बघते, परत येईल म्हणून.

तू पडदा बांधून लोकांना सिनेमे दाखवायचीस, त्या जागा आठवत बसते मग. दगडाची खाण, कोरडा पोहण्याचा तलाव, बंद पडलेला पेट्रोल पंप. चांगली थिएटरं सोडून तुला हे सुचायचं, आणि सगळ्यांच्या आधी माझी खुर्ची मांडायचीस. पंपावर तर घाईत ती पडद्याच्या मागेच मांडलीस! मध्यंतरापर्यंत मला पत्ता नाही. सगळे डावखुरे दिसताहेत एवढंच वाटलं. अक्षरं उलटी होती म्हणे. मला सुलटी तरी कुठे कळतात? तू धावत आलीस खुर्ची फिरवायला, तर मी म्हटलं, राहू दे गं, इथे वारा छान आहे.

तलाव कोरडा, पण पायरी नेमकी दवाने ओली होती. तुझा हात माझ्या हातात होता, तरी मी पडले. हात धरूनही माणसं पडतात, बाई. तुझा बाप तेव्हा तुला दोष देत जे बोलला ते मी तिथेच आडवी होऊन ऐकलं. तोंड उघडणार होते, पण कण्हणं आधी बाहेर आलं. त्यानंतर तू आली नाहीस. हे पत्र लिहिणाऱ्या बाई तुझ्याच गल्लीत राहतात. त्या सांगतात, तुझं सिनेमा दाखवायचं यंत्रही खोक्यात गेलंय आणि कुणी विचारलं की ‘बघू’ म्हणतेस. माझा तरी गुडघा मोडलाय. तुझं काय मोडलंय?

म्हणून लिहितेय. खोकं उघड आणि आमच्या आवारात सिनेमा लाव. गोदामाच्या राखणदाराला मी खिडकीतून ओरडून विचारलंय. त्याने हात हलवला, मी तो होकार धरलाय. पडदा दोन खांबांना उंच बांध, तोंड गोदामाकडे, पाठ माझ्या खिडकीकडे. मुद्दाम. तुझ्या बापाला मी काही बोललेले नाही. तो कामावरून येईल, आवारभर माणसं बघेल, मधोमध तुला बघेल, आणि तणतणत वर येईल. तेव्हा मी म्हणणार, इथून अक्षरं उलटी दिसतात रे, मला खाली जाऊन बघायचंय. मी! हसू नकोस. मला खुर्चीसकट उचलायला त्या दिवशी खाली हवे तेवढे हात असतील, मग त्याने एकट्याने कसं उचलायचं हा प्रश्नच नाही. खरं सांगू? सिनेमा कुठलाही लाव. मला जिना उतरायचाय.

तुझीच,
आजी

ता. क. बाईंच्या हाती भाजलेल्या शेंगा पाठव. सोललेले दाणे नकोत, शेंगाच. भरपूर. तुझ्या बापाच्या मांडीवर मी स्वतः ओतणार आहे. सोलत बसला की तो लवकर उठत नाही.